प्रेमाच्या शॉटसाठी तीन जागा

त्याच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द म्हणजे, "चिडीचूप!"

मी आमच्या फिल्म संस्थेचा जिना धाडधाड उतरत होते. फोनवर आत्याशी बोलत होते आणि माझं बोलणं दोन मजले ऐकू जातं, हे सगळेच सांगतात म्हणून मीही मान्य करते. तळमजल्याच्या जिन्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात, एक मुलगा पालथा पडलेला दिसला. मला वाटलं, चक्कर आली बिचाऱ्याला!

"अरे, काय झालं? कुणीतरी पाणी आणा!" मी अशी काही ओरडले की त्याने कानांवरचे हेडफोन ओढून काढले आणि डोळे गच्च मिटून घेतले. तेव्हा कुठे मला त्याच्या हातातली काठी आणि काठीच्या टोकाचा केसाळ माइक दिसला.

"चिडीचूप!" तो म्हणाला. आणि मग, अगदी हळू – "नळ गळतोय. त्याचा आवाज घेतोय. चाळीस मिनिटं."

"गळक्या नळाचा? त्यापेक्षा नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचं ना..."

तो हसला. हसला म्हणजे नुसते खांदे हलले, आवाज काही आला नाही. मग उठून, गुडघे झटकत म्हणाला, "तुझा आवाज फार... पूर्ण आहे."

"म्हणजे मोठा."

"मी पूर्ण म्हटलं."

आणि हेडफोन लावून पुन्हा पालथा पडला. झालं! माझं त्या दिवशीचं उरलेलं सगळं डोकं त्या 'पूर्ण'मध्ये अडकलं.

आम्ही दोघंही सिनेमा शिकत होतो, शेवटच्या वर्षाला पहिल्यांदाच एका वर्गात. तो आवाजाचं काम शिकत होता आणि मी लोकेशनचं, म्हणजे शूटिंगसाठी जागा शोधण्याचं. हेही शिकावं लागतं यावर माझ्या आत्याचा अजून विश्वास नाही. "लोकांच्या जागा मिळवून देतेस ना? मग एजंट म्हण की सरळ," असं ती म्हणते. वर्गात त्याचं नाव चिडीचूप पडलं होतं, माझं भोंगा. या नावांमागचा इतिहास वेगळा सांगायला नको.

आमची कामाची एक पद्धत होती. मी दिवसभर जागा बघत फिरायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळी घराच्या गच्चीवरून त्याला बोलून निरोप पाठवायचे. इथे शेजारी शाळा आहे, पाचला सुटते. इथे सुतार आहे, इथे कुत्री आहेत. जागा दिसायला कशीही असो, तिथे आवाज किती आहे हे त्याला आधी कळावं लागे. माझा निरोप चार-पाच मिनिटांचा असायचा, त्यात जागेबद्दल एक मिनिट आणि बाकी काहीबाही. त्याचं उत्तर एका शब्दाचं. 'ऐकलं.'

आता एका 'ऐकलं'वर कुणी सहा महिने काढतं का? मी काढले. मी त्याच्या प्रेमात पडले होते आणि हे त्याला सोडून मी कुणालाही सांगू शकले असते. म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग आला ट्रेलर.

शेवटच्या परीक्षेला आम्हाला एका न बनलेल्या सिनेमाचा ट्रेलर करायचा होता. अडीच मिनिटांचा. ज्यांचा आवडेल त्यांना तो सिनेमा खरोखर बनवायला संस्था कॅमेरा देणार होती. आमची दिग्दर्शक म्हणजे आमच्याच वर्गातली एक मुलगी. तिचं चालणं-बोलणं असं की पहिल्या आठवड्यातच ती बाईसाहेब झाली. बाईसाहेबांचा ट्रेलर जवळजवळ तयार होता. एकच शॉट राहिला होता, अगदी शेवटचा. तो आणि ती समोरासमोर. ती म्हणते, "थांबशील? की जाशीलच?" तो काही बोलत नाही. बस्स.

पण आमच्या हिरोने सायकलवरून पडून पाय मोडून घेतला, प्लॅस्टर घातलं आणि सहा दिवसांवर ट्रेलर द्यायचा होता.

"त्याची पाठच दाखवू," बाईसाहेब म्हणाल्या आणि त्यांनी वर्गातल्या सगळ्या मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. खांदे जुळले चिडीचूपचे. "वा! पाठ कॅमेऱ्याकडे, पुढे गळ्यात रेकॉर्डिंगचं मशीन. उभाही राहील आणि आवाजही घेईल. एका दगडात दोन पक्षी!"

त्यातला एक पक्षी माझा होता, हे बाईसाहेबांना कोण सांगणार?

आणि दुसरी मैना, म्हणजे ट्रेलरची हिरोइन. ती आमच्या वर्गातली नव्हे, नाटकाच्या वर्गातून फक्त या ट्रेलरसाठी आली होती. तिचा आवाज इतका गोड की दाराशी "आत येऊ?" म्हणाली तरी लोक खुर्ची पुढे करायचे. तिने पहिल्यांदा ते वाक्य वाचलं तेव्हा चिडीचूप हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत होता. डोळे उघडून म्हणाला, "काय आवाज आहे! काहीच दुरुस्त करावं लागत नाही."

आठ शब्द. सलग. मी मोजले.

माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! सहा महिने मी गच्चीवर उभी राहून घसा कोरडा करतेय, मला एक शब्द. आणि ही कानामागून आली अन् तिखट झाली. तिचं नाक सरळ होतं, केस सरळ होते, बोलणं सरळ होतं. तिच्यात खोट काढावी म्हणून मी दोन तास तिच्याकडे बघत बसले आणि शेवटी एवढंच मिळालं की तिच्या बुटाची नाडी सुटलेली आहे. तेही मीच तिला सांगितलं, आणि तिने माझे मनापासून आभार मानले. अशा मुलीचा मत्सर करणं फार कष्टाचं काम असतं.

"भोंगा," बाईसाहेब म्हणाल्या, "या शॉटला जागा तू बघ. अशी, की तिथे उभं राहिलं की प्रेमच व्हावं."

"बघते," मी म्हणाले.

आणि त्याच क्षणी मी ठरवलं की अशी जागा बघायची, जिथे कुणाचं कुणावर प्रेम होणं शक्य नाही.

पहिली जागा मी आणली शीतगृह. फळांच्या पेट्या साठवायचं. त्याच्या मागे माल चढवायचा सिमेंटचा लांब ओटा होता, शेवाळलेला, वर पत्रा, खाली फुटक्या पेट्या आणि सगळीकडे सडक्या फळांचा आंबूस वास. शिवाय हाडं गोठवणारा गारठा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बाईसाहेबांचा एक नियम होता. माणसं उभी करून बघितल्याशिवाय जागा कळत नाही. त्यामुळे मैना आणि चिडीचूप दोघांनाही तिथे न्यावं लागलं. शीतगृहाचे सुपरवायझर काका म्हणाले, "दहा मिनिटं हं. दार जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही मला." आणि त्यांनी ते जाडजूड दार सरकवलं.

आतून पांढरं धुकं लोटत आलं. ओट्यावर पसरलं, मैनाच्या पायांभोवती घोटाळलं, आणि पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक बारीक रेघा त्यात उतरल्या. सडक्या पेट्या दिसेनाशा झाल्या. वास तर काय, फोटोत येत नाही.

"धुकं!" बाईसाहेब किंचाळल्या. "फुकटचं धुकं! भोंगा, तू म्हणजे सोनं आहेस!"

मैना पातळ ड्रेसमध्ये कुडकुडत होती. चिडीचूपने एकदा तिच्याकडे पाहिलं. मशीन खाली ठेवलं. स्वतःचं जॅकेट काढलं आणि तिच्या खांद्यांवर घातलं. चेन अडकली, तर वाकून ती सोडवायला लागला! केवढा वेळ... एक चेन सोडवायला माणसाला केवढा वेळ लागावा? मी पेट्यांशेजारी उभी राहून दात-ओठ खात होते, आणि सुपरवायझर काका मला विचारत होते, "तुलाही थंडी वाजतेय का?"

"मला उकडतंय," मी म्हणाले.

माझी लाज कॅमेऱ्याच्या काचेने राखली. गारठ्याने तिच्यावर असं काही बाष्प धरलं की पुसलं तरी पुन्हा धरे. दोन दिवस खटपट करून बाईसाहेबांनी नाइलाजाने ती जागा रद्द केली. घरी येऊन मी दोन वेळा जेवले. तिसऱ्या दिवशी मात्र मला कळलं की मैनाने ते जॅकेट अजून परत दिलेलं नाही. त्यानंतर जेवणावरची वासनाच उडाली.

दुसऱ्या जागेला मी जास्त विचार केला. चिडीचूपला आवाज आवडतो ना? मैनाचा आवाज आवडतो ना? मग अशी जागा, जिथे तो ऐकूच येऊ नये. चार मजली दुकानाच्या मागच्या बोळात एक जनरेटर होता. सुरू झाला की जमीन थरथरायची. भिंतीवर काजळी, खाली डिझेलचे डाग. तिथे प्रेमाचं एक वाक्य सोडा, "सरक बाजूला" हेही कळलं नसतं.

"ही जागा?" बाईसाहेबांनी नाक मुरडलं.

"फार खरी जागा आहे," मी म्हणाले. 'खरी' म्हटलं की बाईसाहेबांचा विरोध मावळतो.

दोघं समोरासमोर उभी राहिली. जनरेटर सुरू झाला. मैनाने तोंड हलवलं, काही ऐकू आलं नाही. त्याने हाताने 'काय?' विचारलं. ती जवळ आली. तिने पुन्हा तोंड हलवलं. त्याने मान हलवली. मग ती टाचा उंच करून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलली! त्याने तिच्या कानाशी वाकून उत्तर दिलं. मग – आणि हे मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं – त्याने हेडफोनची एक वाटी स्वतःच्या कानावर ठेवली आणि दुसरी तिच्या कानावर. दोन डोकी, एक हेडफोन, कपाळाला कपाळ टेकायचं तेवढं बाकी.

"हेच!" बाईसाहेब नाचायच्या बाकी होत्या. "अशी जवळीक मला लिहूनसुद्धा जमली नसती! भोंगा, तुला हे सुचतं तरी कसं?"

यालाच म्हणतात आपल्या पायावर आपल्या हाताने धोंडा पाडून घेणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तरी मला हसून म्हणावं लागलं, "सुचतं झालं."

शेवटी चिडीचूपनेच मान हलवली. "नाही जमणार. वाक्यच येत नाहीये." जागा रद्द. पण जाताना त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, याला काहीतरी कळलंय.

"तू कधी इतक्या आवाजाची जागा आणत नाहीस," तो म्हणाला.

"माणूस चुकतो कधीकधी."

"दोनदा?"

 

पाचव्या दिवशी दुपारी मी बसस्टॉपच्या बाकावर बसले होते. उद्या शूटिंगचा शेवटचा दिवस आणि हातात जागा नाही. तेवढ्यात मैना आली. नाक लाल, हातात रुमाल, अंगात ते जॅकेट.

"सर्दी झालीये," ती म्हणाली. सर्दीतही आवाज गोडच. "तू एकटीच आहेस ना? मग तुला एक विचारू?"

"विचार."

"तुझी आणि त्याची जुनी ओळख आहे म्हणून विचारते. मला तो... आवडतो गं. फार शांत आहे ना तो? उद्या शॉट झाला की त्याला विचारणार आहे मी." तिने नाक पुसलं. "म्हणून म्हटलं, एक चांगली जागा बघशील? तू मनावर घेतलंस तर सापडेल. आणि तुझी काही हरकत नाही ना?"

चांगली जागा मला माहीत होती. पहिल्या दिवसापासून माहीत होती. आमच्या घराची गच्ची. खाली आत्याची लॉन्ड्री आहे, हॉटेलांच्या चादरी धुते ती. गच्चीवर एका वेळी पन्नास-साठ पांढऱ्या चादरी वाळत असतात. चारच्या उन्हात त्यांच्या मधल्या गल्ल्यांमधून चाललं की माणसाचा चेहरा आतून उजळल्यासारखा दिसतो. ती जागा मी यादीत लिहिलीच नव्हती. त्याला कधीतरी तिथे आणायचं, एकट्याला, असं मी ठरवून ठेवलं होतं. आणि आता ती मैनाला द्यायची? तिने त्याला विचारावं म्हणून?

"मी कोण हरकत घेणारी?" मी म्हणाले.

"थँक्यू गं," ती म्हणाली. तिची बस आली. ती चढली, खिडकीत बसली आणि तिने मला हात केला.

बस हलली आणि माझ्याने राहवलं नाही.

"आहे!" मी ओरडले. "हरकत आहे! माझी हरकत आहे!"

अख्खी बस वळून बघायला लागली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. त्याला वाटलं असेल, कुणी गाडीखाली आलं. मैना खाली उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुलाही तो आवडतो?"

"सहा महिने."

"मग ते शीतगृह..."

"मुद्दाम."

"आणि तो जनरेटर?"

"तोही."

"बाई गं!" मैना बाकावर मटकन बसली. "आणि मी समजत होते, तुला कामच जमत नाही. बाईसाहेबांना मी म्हटलंसुद्धा की बिचारीला ओरडू नका!"

ते मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. तिने मारलं असतं तरी चाललं असतं, पण ही माझी कीव करत होती. मला स्वतःची खरंच लाज वाटली. तिचं नाक माझ्यामुळे गळत होतं, ट्रेलर माझ्यामुळे अडला होता, आणि सगळं कशासाठी, तर एका माणसाला एक वाक्य बोलायची माझी छाती होत नव्हती म्हणून.

"त्याला सांगितलंयस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग माझ्यावर कशाला ओरडतेस, त्याला सांग की!" आता ती खरोखर चिडली होती. "हे बघ, मी काही थोर वगैरे नाही. मलाही तो हवाय. उद्या शॉट होईपर्यंत वेळ तुझा. तोवर बोललीस तर ठीक, नाहीतर नंतर मी विचारणार. आणि जागा चांगली दे. तेवढं एकच वाक्य आहे मला त्या शॉटमध्ये. ते बघूनच पुढे कुणी मला काम देईल."

"देते," मी म्हणाले. या वेळी खरं.

आत्याने परवानगी दिली, पण तिच्या पद्धतीने. "चादरीला डाग पडला तर तुझ्या त्या बाईसाहेबांना हौदावर धुवायला बसवीन. आणि त्या सर्दीवालीला आधी गरम पाणी पाज." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू कधीपासून जेवली नाहीस?"

दुसऱ्या दिवशी साडेतीनला सगळे गच्चीवर आले. वारा होता. चादरी फुगत होत्या, पडत होत्या, पुन्हा फुगत होत्या. साबणाचा आणि गरम कापडाचा वास येत होता. बाईसाहेब दारातच थबकल्या आणि कधी नव्हे ते काही न बोलता कॅमेरा लावायला लागल्या. मैनाही पुढे गेली. चिडीचूप मात्र शेवटच्या पायरीवरच उभा होता, डोळे मिटून.

"काय झालं?" मी विचारलं.

"हीच ती," तो म्हणाला. "तुझ्या प्रत्येक निरोपात मागे काहीतरी फडफडायचं. आधी वाटलं कबुतरं. मग वाटलं पडदा. मग झेंडा..." त्याने डोळे उघडले. "चादरी!"

"तू... मागचंसुद्धा ऐकायचास?"

"ऐकलं असंच लिहायचो ना?"

"मला वाटलं, तेवढंच लिहायचं म्हणून लिहितोस."

"तीन-तीनदा ऐकायचो," तो म्हणाला आणि एकदम मशीनच्या पट्ट्यात गुंतला. मग मान वर न करता – "ही जागा आधी का नाही दाखवलीस?"

माझं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाईसाहेबांची हाक आली. "भोंगा! मैना खाली तयार होतेय. तिच्या जागेवर उभी राहा, मला उजेड बघायचाय. आणि चिडीचूप, तूही."

दोन चादरींच्या मधल्या गल्लीत जमिनीवर खडूच्या दोन फुल्या मारल्या होत्या. एका फुलीवर तो, एका फुलीवर मी. आमच्यात दीड हाताचं अंतर. बाईसाहेब कॅमेऱ्यामागे, गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याने हेडफोन चढवले आणि माइक माझ्याकडे वळवला.

"बोल काहीतरी. आवाजाची लेव्हल बघतो."

"काय बोलू?"

"काहीही. सकाळी काय खाल्लं ते सांग. सगळे तेच सांगतात."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मशीनकडे बघत होता. खाली जिन्यात मैनाची शिंक ऐकू आली. वेळ संपत आला होता.

"सकाळी काही खाल्लं नाही," मी म्हणाले. "काल रात्रीपण नाही. शीतगृहाची जागा मी मुद्दाम आणली होती. जनरेटरचीपण. मला वाटलं, तिथे तुमच्या दोघांचं काही जमायचं नाही. तू तिला जॅकेट दिलंस ना, तेव्हा मला वाटलं, आपणच आत जाऊन पेट्यांवर बसावं आणि काकांना सांगावं, लावा दार. ही जागा दाखवली नाही, कारण ती तुला दाखवायची होती. फक्त तुला. मला तू आवडतोस. तू जिन्याखाली पालथा पडला होतास ना, तेव्हापासून... आवडतोस."

तो मशीनकडेच बघत होता. एक चादर फुगली, आमच्या दोघांवर सावली पडली आणि गेली.

"लेव्हल फार गेली," तो म्हणाला.

"काय?"

"आवाज फाटला. मशीनवरची पट्टी लाल झाली. पुन्हा बोल."

"सगळं?"

"शेवटचं तेवढं."

"मला तू आवडतोस."

"अजून थोडं हळू."

"मला..." माझा आवाज इतका खाली जाऊ शकतो हे मला माहीतच नव्हतं. "मला तू आवडतोस."

"मिळालं," तो म्हणाला. हेडफोनच्या बाहेर दिसत होत्या तेवढ्या त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. "तसं पहिल्यांदाच नीट मिळालं होतं."

"मग तीनदा कशाला?"

"एखादं खराब झालं तर... जादा असावं."

"आणि उत्तर?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि राग येत होता. "मैनासाठी आठ शब्द बोललास त्या दिवशी! आठ! तिच्या आवाजात काही दुरुस्त करावं लागत नाही म्हणे."

"नाही लागत." त्याने आता माझ्याकडे पाहिलं, सरळ. "म्हणून तो एकदा ऐकला की काम झालं. तुझा... तुझा ऐकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावासा वाटतो. नुसता 'कुत्री आहेत' असा तुझा एक निरोप आहे. तो मी पुसलेलाच नाही." तो थांबला. घाम फुटला होता त्याला. "मला बोलता येत नाही गं. मला तूच आवडतेस. हे कसं बोलतात ते मला माहीत नाही."

"बोललास की आत्ता," मी म्हणाले.

"तयार!" जिन्यातून मैनाची बाईसाहेबांना हाक आली. मैना वर आली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कानांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिला विचारायची गरजच पडली नाही. ती येऊन माझ्या फुलीवर उभी राहिली आणि मी बाजूला झाले. त्याने हेडफोन काढून केसांखाली बारीकसा इअरफोन लावला.

मी बाईसाहेबांच्या शेजारी जाऊन पडद्यावर बघायला लागले. पडद्यावर त्याची पाठ, दोन्ही बाजूंना उजळलेल्या चादरी आणि मधोमध मैनाचा चेहरा. ती लगेच बोलली नाही. तिने त्याच्याकडे बघितलं. जे आपलं होणार नाही हे कळलंय, आणि तरी बघितल्याशिवाय राहवत नाही, असं बघितलं.

"थांबशील?" ती म्हणाली. "की जाशीलच?"

एक चादर फुगली आणि खाली बसली.

"कट!" बाईसाहेबांनी माझा दंड घट्ट धरला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे काय होतं? सहा दिवस कुठे होतं हे?"

कुठे होतं ते मला ठाऊक होतं. सहा दिवस ते माझ्याकडे होतं. अगदी तसंच्या तसं, मी ते घेऊन फिरत होते. आता ते तिच्याकडे गेलं होतं आणि मला त्याचा जराही आनंद होत नव्हता.

सामान आवरायला लागल्यावर मैना पाण्याच्या टाकीशेजारी जाऊन बसली. मी आत्याकडून गरम पाणी घेऊन तिच्याजवळ गेले. तिने ग्लास दोन्ही हातांत धरला.

"छान होती जागा," ती म्हणाली.

"सॉरी गं."

"कशाबद्दल? थंडीबद्दल, की त्याच्याबद्दल?"

मी खरं काय ते शोधलं. "थंडीबद्दल."

मैना हसली. हसता हसता तिला शिंक आली, डोळे भरून आले, ते तिने माझ्या ओढणीला पुसले.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्याच्याबद्दल सॉरी म्हणाली असतीस ना, तर हे पाणी तुझ्या डोक्यावर ओतलं असतं."